हवाना चिरुटाचे ‘मध्यम’पण : एका गुणशब्दाचा इतिहास

क्यूबाच्या चिरुटांची वर्गवारी हल्ली पाच पायऱ्यांनी केली जाते. एका टोकास सौम्य, दुसऱ्या टोकास तीव्र, आणि या दोहोंच्या मध्यभागी ‘मध्यम’. १८७५ साली स्थापन झालेल्या ‘रोमिओ इ हुलिएता’ या छापेचा माल मध्यम गणला जातो. ‘होयो दे मोंतेरेय’ सौम्य व ‘पार्तागास’ तीव्र समजला जातो. ही श्रेणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती तंबाखूच्या पानाइतकीच पुरातन असावी असा समज सहज होतो. वस्तुतः ‘मध्यम’ या शब्दावर निरनिराळ्या काळांतील निरनिराळ्या अर्थांचे थर चढलेले आहेत. जुन्या पेटीवरील खुणा आजच्या अर्थाने वाचणाऱ्या अभ्यासकाची फसगत होते ती यामुळेच.

सर्वांत खालचा थर शेताचा. पिनार देल रिओ प्रांतातील व्हुएल्ता अबाहो या भागात चिरुटाच्या गाभ्यासाठी उन्हात वाढविलेल्या झाडाची पाने त्यांच्या स्थानावरून ओळखली जातात. बुडाकडील पान ‘व्होलादो’, मधले ‘सेको’, आणि शेंड्याकडील ‘लिहेरो’. व्होलादो चांगले जळते, सेको सुगंध देते. लिहेरोला ऊन सर्वांत अधिक मिळत असल्याने ते जाड, तेलकट आणि निकोटीनने संपन्न असते. गंमत अशी की स्पॅनिश भाषेत ‘लिहेरो’ म्हणजे हलका! सर्वांत जड पानाला हलके म्हणणारी ही परिभाषा कोशाच्या आधारे उलगडू पाहणारा हमखास उलट अर्थ काढील. कारागिराच्या बोलीत शब्दाचा मूळ अर्थ विझतो आणि त्याने दाखविलेली जागा तेवढी उरते. लिहेरो सावकाश जळते म्हणून वळणारा कारागीर ते गाभ्याच्या मध्यभागी ठेवतो. या तीन पानांच्या प्रमाणाला ‘लिगा’ म्हणतात. ‘मध्यम’ हा गुण मुळात या प्रमाणाचा आहे. कोणत्याही एका पानाचा नव्हे.

ठरावीक प्रमाण वर्षानुवर्षे राखावयाचे तर ते राखणारी पेढी हवी. १७१७ साली स्पेनच्या राजसत्तेने क्यूबातील तंबाखूवर मक्तेदारी लादली. शेतकऱ्यांनी त्याच वर्षी, पुढे १७२० मध्ये व पुन्हा १७२३ मध्ये बंड केले. अखेरच्या बंडात कित्येकांना प्राणास मुकावे लागले. १८१७ च्या राजाज्ञेने मक्तेदारी उठली आणि लागवड, उत्पादन व व्यापार खुले झाले. ‘एच. उपमान’ (१८४४) आणि ‘पार्तागास’ (१८४५) यांसारख्या छापा त्यानंतरच्या होत. छापेची अशी सलग परंपरा नसती, तर अमुक नावाचा चिरूट मध्यम असतो या विधानाला अर्थच राहिला नसता.

दुसरा थर रंगाचा. क्लारो, कोलोरादो, मादुरो ही नावे बाहेरच्या वेष्टनाच्या पानाच्या छटांची आहेत. परंतु गिऱ्हाइकाने ती तीव्रतेची नावे मानली. फिकट तो सौम्य, काळसर तो कडक, आणि तांबूस तो अर्थातच मधला. वेष्टनाचे पान चिरुटाच्या वजनाचा अगदी लहान अंश असते, आणि मादुरोचा गडदपणा बव्हंशी दीर्घ किण्वनातून येतो. त्याची चव पुष्कळदा गोडसर निघते. तरीही हा समज फार चिवट ठरला. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन बाजारपेठेत उष्णतेने झटपट वाळविलेल्या हिरवट वेष्टनास विशेष पसंती होती, तर इंग्लंडची निवड तपकिरी वेष्टनाची असे.

तिसरा थर सर्वांत अलीकडचा, आणि तो मद्याच्या पारखीतून आला. १९९२ साली अमेरिकेत ‘सिगार अफिशिओनादो’ हे नियतकालिक निघाले व चिरुटांना शंभरपैकी गुण मिळू लागले. ‘बॉडी’, म्हणजे धुराचा तोंडात जाणवणारा भरीवपणा, ही कल्पना वारुणीच्या परिभाषेतली. स्पॅनिश व्यवहारातील ‘फोर्तालेसा’ म्हणजे शक्ती; तिचा रोख प्रामुख्याने निकोटीनच्या परिणामावर. चिरूट धुराने भरीव असून शक्तीने सौम्य असू शकतो, हा भेद बाजाराने बहुधा पुसून टाकला. मराठीतही तंबाखू आणि चहा दोन्ही ‘कडक’ असतात. खुद्द ‘चिरूट’ हा शब्द मात्र तमिळ ‘सुरुट्टु’पासून, गुंडाळण्याच्या क्रियेवरून आला, पोर्तुगीज ‘शारुतो’ही तेथलाच. त्यामुळे अमेरिका खंडात जन्मलेल्या वस्तूला ब्राझीलमध्ये दक्षिण भारतीय नाव आहे.

प्रत्यक्ष पारखीत तर ‘मध्यम’ आणखीच डळमळते. जाणकार प्रथम वेष्टन पाहतो, बोटांनी दाबून भरण अजमावतो, न पेटविता एक ओढ घेतो आणि मग चिरुटाचे तीन भाग कल्पून प्रत्येकाची नोंद करतो. धूर फुप्फुसात न घेता तोंडातच खेळवावयाचा असतो. जळत जाताना उरलेल्या पानांत निकोटीन व डांबरी द्रव्ये साचत असल्याने सौम्य आरंभ होऊन तीव्र शेवट होणे हे नित्याचेच. उपाशीपोटी तोच चिरूट अधिक चढतो. म्हणजे निवाडा द्यावयाचा तो कोणत्या तृतीयांशाचा? व्यवहारात सरासरी काढली जाते, आणि ‘मध्यम’ हे पुष्कळदा त्या सरासरीचेच दुसरे नाव असते.

वैद्यकाच्या दृष्टीने या श्रेणीला काहीच आधार नाही. चिरुटाचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या १९९८ च्या प्रबंधात मुख, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी चिरुटाचा संबंध स्पष्ट नोंदविला आहे. ‘सौम्य’ हा चवीचा शब्द आहे, अभयाचा नव्हे.

१९६० साली क्यूबातील कारखाने सरकारजमा झाले आणि १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाच्या मालावर बंदी घातली. देशत्याग केलेल्या व्यावसायिकांनी क्यूबन वाणाची लागवड डोमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास व निकाराग्वा येथे वाढविली. पुढे ‘रोमिओ इ हुलिएता’ ही छाप दोन देशांत, दोन मालकांकडे, दोन वेगळ्या लिगांवर उमटू लागली. पेटीवरचे नाव एकच. आतील ‘मध्यम’ मात्र दोन.