करड्यातून विधानभवनापर्यंत

1874 चा डिसेंबर आहे आणि तुम्ही शिरूर तालुक्यातल्या करडे गावात उभे आहात. समोर बाबासाहेब देशमुखांचं घर पाडलं जातंय. दीडशे रुपयांच्या कर्जापोटी काळूराम सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा आणलाय. वासे खाली येतात, धुरळा उडतो, बघ्यांपैकी कुणीच तोंड उघडत नाही. तुमचंही कर्जखत त्याच सावकाराच्या पेटीत आहे. त्यावर काय लिहिलंय ते तुम्हाला वाचता येत नाही. खालची नांगराची निशाणी मात्र तुमच्या हातची आहे.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तोवर कापसाला भाव होता आणि सावकार मागाल तेवढं देत होता. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव पडला. त्यातच सरकारने फेरआकारणी करून कित्येक गावांचा सारा दीडपट-दुप्पट केला. आता गाऱ्हाणं कुणापुढे मांडणार? मामलेदाराकडे जावं तर सारा वसूल करणारा तोच. मुंबईत गव्हर्नरचं कायदे कौन्सिल आहे, पण तिथले सभासद सरकारनेच नेमलेले, आणि त्यांना सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकारही नाही. तो अधिकार यायला 1892 चा कायदा व्हावा लागेल. पुण्याची सार्वजनिक सभा अर्ज लिहिते, पण उत्तर द्यायचं की नाही ही सरकारची मर्जी.

मग गाव आपल्या हातात आहे ते करतं. सावकाराची हजामत करायला कुणी जात नाही, त्याच्या घरी पाणी भरायला कुणी जात नाही, त्याच्या शेतावर मजूर फिरकत नाही. हे लोण गावोगाव पसरतं. 12 मे 1875 ला तुम्ही सुप्याच्या बाजारात आहात. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आणि आजचा दौंडही त्याच भीमथडीतला. जमाव सावकारांच्या पेढ्यांवर तुटून पडतो. लोकांना हवी आहेत ती खतं आणि वह्या. कागदांचा ढीग रस्त्यात येतो आणि पेटतो.

पुढे पुणे-नगर भागात शेकडो माणसं पकडली जातात. चौकशी आयोग बसतो. त्याचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे जातो, म्हणजे करड्याचं गाऱ्हाणं अखेर एका लोकसभागृहात पोचतं, पण ते लंडनचं, जिथे करड्यातल्या कुणाला मत नाही. 1879 मध्ये कायदा होतो: न्यायाधीशाने नुसतं खत बघून निवाडा देऊ नये, मूळ व्यवहार तपासावा. एवढंच तर हवं होतं. त्यासाठी आधी बाजार पेटावा लागला आणि माणसं तुरुंगात गेली, हे मला आजही अस्वस्थ करतं.

आता 1901 चा ऑगस्ट. तुम्ही पुण्याच्या कौन्सिल हॉलच्या दाराशी आहात. जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आलंय. सारा थकला म्हणून सरकारजमा झालेली जमीन पुन्हा लागवडीला देताना ती विकण्याचा, गहाण टाकण्याचा हक्क शेतकऱ्याला राहणार नाही. सावकारापासून रयतेला वाचवण्यासाठीच हे, असं सरकार म्हणतं. फिरोजशहा मेहता म्हणतात, घाई करू नका, आधी लोकांचं मत घ्या. त्यांची सूचना फेटाळली जाते. मेहता उठतात आणि बाहेर पडतात. पाठोपाठ गोपाळ कृष्ण गोखले आणि आणखी काही सभासद. विधेयक मंजूर होतं ते होतंच. पण सरकारला आपली बाजू सभागृहात मांडावी लागली, आणि विरोध कागदावर राहिला.

पुढच्या वर्षी गोखले कलकत्त्याच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर उभे राहतात. त्यांच्याकडे बहुमत नाही, हातात सरकारचेच आकडे आहेत. दुष्काळाने लोक पिचले असताना तिजोरीत शिल्लक पडते याचा अर्थ कर जास्त आहेत, असं ते दाखवून देतात. मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये. 1903 मध्ये तो दोन रुपये झाला, 1905 मध्ये दीड आणि 1907 मध्ये एक. एकट्या गोखल्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण मीठ करड्यातही खाल्लं जात होतं, आणि या वेळी गावात काहीही पेटवावं लागलं नाही.

आता 1980 च्या दशकाची अखेर. मुंबईच्या विधानभवनात गॅलरीत बसा. 1985 च्या निवडणुकीत 288 पैकी काँग्रेसचे 161, समाजवादी काँग्रेसचे 54, जनता पक्षाचे 20 आणि शेकापचे 13 आमदार निवडून आले. 1986 मध्ये समाजवादी काँग्रेस काँग्रेसमध्ये विलीन झाली. समोर उरले ते छोटे पक्ष. तरी विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली नाही. आधी जनता पक्षाचे निहाल अहमद, मग शेकापचे दत्ता पाटील, आणि आता पाणीवाली बाई मृणाल गोरे तिथे बसल्या आहेत. या पदासाठी दहा टक्के आमदार हवेत म्हणून कुणी अडवलं नाही.

आता आजच्या शिरूर-दौंडला या. नोव्हेंबर 2024 च्या निकालात दोन्ही तालुक्यांनी सत्ताधारी आघाडीचे आमदार निवडले. त्याच वर्षी लोकसभेला शिरूरने अमोल कोल्हेंना आणि दौंड ज्यात येतो त्या बारामतीने सुप्रिया सुळेंना, म्हणजे विरोधी बाकावरच्यांना निवडलं. मतदाराने सरकारही दिलं आणि विरोधकही दिला. विधानसभेत मात्र ठाकरेंच्या शिवसेनेचे 20, काँग्रेसचे 16, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे 10 आमदार निवडून आले, म्हणजे कुणाचेच दहा टक्के नाहीत, आणि डिसेंबर 2025 च्या नागपूर अधिवेशनातही विरोधी पक्षनेता नव्हता. माहिती अधिकाराच्या कायद्याने राज्याचे माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्र्यांबरोबर विरोधी पक्षनेत्यालाही जागा दिली आहे. असा नेता मान्य झालेला नसेल, तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाच्या नेत्याला ती द्यावी, असं तोच कायदा सांगतो. तिथे दहा टक्क्यांची अट नाही.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरात बिबट्यांनी माणसं मारली. रात्री वीज येते म्हणून शेतकऱ्याला अंधारात पाणी द्यायला जावं लागतं. दिवसा वीज द्या, ही मागणी जुनीच. शेवटी लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, महामार्ग रोखला, आणि त्यानंतर यंत्रणा धावली. सुप्याला तेव्हा दीडशे वर्षं होऊन गेली होती.

जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. पण तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अंतिम आठवडा प्रस्ताव ही हत्यारं पेलणारा विरोधी पक्ष सभागृहात दुबळा असला, की गाऱ्हाणं रस्त्यावर येतं. सत्ताधारी आमदार भला असला तरी त्याच्यावर पक्षादेश असतो. तेव्हा तुम्ही मत कुणालाही दिलेलं असो, पुढच्या अधिवेशनाआधी तुमच्या आमदाराला दोन गोष्टी विचारा: मागच्या अधिवेशनात दिवसाच्या विजेबद्दल तुम्ही कोणता प्रश्न लावला, आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची भरावी असं तुम्हाला वाटतं की नाही? उत्तर लेखी मागा.