स्टार्टरच्या डबीत, वडशाजवळ

साल 1986, डिसेंबरची रात्र. चंद्रपूरकडच्या वडशापासून थोडं आत, धान निघालेल्या बांधीत तुम्ही उभे आहात. पायाखाली धसकटं टोचताहेत. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झाला; आता या भागातल्या झाडीपट्टी रंगभूमीचं नाटक पहाटेपर्यंत चालणार. पेटी-तबला लागलाय, बायांनी चटया टाकून जागा धरल्यात, आणि मंडपातल्या चार फुटी ट्यूबा मात्र दोन्ही टोकांना तांबूस होऊन नुसत्या फकफकताहेत.

"थांब गा, राइस मिल बंद होऊ दे," वायरमन हाताखालच्या पोराला सांगतो.

त्याच्या हातातला स्टार्टर घ्या. अंगठ्याएवढी ॲल्युमिनियमची डबी. आत काचेचा फुगा, त्यात निऑन किंवा आरगॉन, आणि दोन धातू जोडून केलेली वाकडी पट्टी. आता काळ संथ करा, सेकंदाचे हजार तुकडे पडू द्या, आणि आत शिरा.

मिट्ट काळोख. बटण दाबलंय, व्होल्टेज आलंय, तरी काही घडत नाही. वायूतून वीज वाहायची तर कुठून तरी पहिला सुटा इलेक्ट्रॉन यावा लागतो. उघड्यावर हे काम उजेड करतो. बंद डबीत तो कुठला? म्हणून काही कारखाने स्टार्टरात क्रिप्टॉन-85 सारखं किरणोत्सारी द्रव्य किंचितसं घालत. (मंडपवाल्याला याची गंधवार्ता नाही.) एक इलेक्ट्रॉन अणूवर आदळतो, दुसऱ्याला सोडवतो, दोनाचे चार, चाराचे आठ. फुगा उजळतो. त्या उबेनं पट्टी वाकून समोरच्या टोकाला टेकते आणि फुगा विझतो. आता प्रवाह चोकमधून, म्हणजे ट्यूबला जोडलेल्या तारेच्या गुंडाळीतून, जाऊन ट्यूबच्या टोकांच्या तारा तापवू लागतो. पट्टी गार होते, सुटते, आणि त्याच क्षणी चोक कित्येकशे व्होल्टचा झटका मारतो.

ट्यूब लागायला हवी. लागत नाही. मिलच्या ओझ्यानं 230 च्या जागी लाइन जेमतेम 170. तारा नीट तापलेल्याच नाहीत. थंडीनं ट्यूबमधली पाऱ्याची वाफ विरळ झालेली. त्यात पट्टी सुटताना प्रवाह शून्याजवळ असला तर झटका फुसका, म्हणजे थोडा नशिबाचाही खेळ. ट्यूब लागली असती तर तिच्या टोकांत शंभरेक व्होल्टच उरले असते, आणि तेवढ्यावर स्टार्टर पेटत नाही. या साध्या डबीची खरी हुशारी ती. इथं मात्र तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पुन्हा. आणि पुन्हा.

मिल थांबते. ट्यूबा पटापट लागतात, पोरं शिट्ट्या मारतात.

वीज लांबवर फार न मरता नेताही येते. आता 1999 मध्ये या. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची, 500 किलोव्होल्टची डीसी लाइन, क्षमता 1500 मेगावॉट. 1954 मध्ये स्वीडनच्या गॉटलंड बेटाला अशी डीसी वीज नेली तेव्हा एसीची डीसी करणारे तिचे व्हॉल्व्ह पाऱ्याच्या वाफेवर चालत आणि मधेच उलटे पेटून छळत. चंद्रपूरला त्यांच्या जागी सिलिकॉनचे थायरिस्टर आहेत; इशारा मिळाला की मायक्रोसेकंदांत चालू.

1986 च्या त्या रात्री दोष वायरमनचा नव्हता, स्टार्टरचाही नव्हता. चंद्रपूरचं वीजकेंद्र 1983 पासून चालू होतं; व्होल्टेज मरत होतं ते गावापर्यंत आलेल्या लांब, बारीक तारेत.