विमानं खरी, गोष्ट अर्धी

आधी माझी चूक सांगतो, मग विषयाकडे येतो.

2025 च्या मे महिन्यातली गोष्ट. सीमेवर तणाव होता, रात्रभर सगळ्यांचे मोबाईल चालू. साडेदहाच्या सुमारास एका मित्राकडून क्लिप आली. काळोखात एक लढाऊ विमान, मागून क्षेपणास्त्र, मग भडका. मी ती आपल्या गावच्या ग्रुपवर टाकली, वर जोशात दोन ओळीही लिहिल्या. वीस वर्षं बातमीदारी करतोय, बातमी दोन ठिकाणी तपासून घ्यायची हे डिप्लोमाच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. पण त्या रात्री बोट आधी चाललं, डोकं नंतर.

दहा मिनिटांत फोन आला. गावातले एक काका, मुलगा हवाई दलात. "अरे, हे विमान कुणाचं? कुठल्या तळावरचं? पोराचा फोन लागत नाहीये रे."

मला उत्तर देता येईना. पाठोपाठ दुसरा फोन, हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका तंत्रज्ञांचा. "ती व्हिडिओ गेम आहे. विमान वळतंय कसं ते बघ जरा. आधी काढून टाक."

काढली. माफीही मागितली. तोवर क्लिप आणखी चार ग्रुपांवर पोचली होती. माफी मात्र कुणीच फॉरवर्ड केली नाही. सकाळी त्या मुलाचा फोन लागला, पोरगा सुखरूप होता. पण काका-काकूंनी ती रात्र कशी काढली असेल, हे अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून मला एक नाद लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांवर निघालेले सिनेमे शोधून शोधून बघायचे आणि त्यांच्याबद्दल वाचायचं. तेव्हा मोबाईल नव्हता, पण हेच काम सिनेमा करत होता, तेही सरकारच्या पाठबळाने. इंग्लंड, जर्मनी, जपान, अमेरिका, सगळीकडे. आणि सगळ्यांना हिरो म्हणून हवा होता तो वैमानिक.

वैमानिकच का? कारण पायदळाचं युद्ध म्हणजे चिखल, उपासमार, तुटलेले हातपाय. ते दाखवून भरती होत नाही. वैमानिकाचं तसं नाही. स्वच्छ आकाश, देखणा चेहरा, नवंकोरं यंत्र, समोरासमोरची लढत. मरण आलं तरी लांबून दिसणारी धुराची एक रेघ. एका विमानामागे राबणारे मेकॅनिक, दारूगोळा भरणारे, रडारवर बसणारे हे क्वचितच मुख्य भूमिकेत येतात. आणि जमिनीवर ज्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडतात ते तर फारच क्वचित.

सुरुवात इंग्लंडपासून करू. 3 सप्टेंबर 1939 ला ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला अलेक्झांडर कोर्डा यांचा 'द लायन हॅज विंग्ज' थिएटरात लागलासुद्धा. दोन महिन्यांत सिनेमा तयार! जुन्या सिनेमातले तुकडे, वार्तापटातली दृश्यं आणि मधे अभिनेते, अशी सगळी जोडाजोड. त्यात जर्मन युद्धनौकांवरचा ब्रिटिश हवाई हल्ला म्हणजे दणदणीत यश म्हणून दाखवलाय. प्रत्यक्षात 4 सप्टेंबरच्या त्या हल्ल्यात 7 ब्रिटिश विमानं परतली नाहीत आणि जर्मन नौदलाचं नुकसान किरकोळ झालं. सिनेमात जर्मन बॉम्बफेकी विमानं लंडनवरचे तारांनी बांधलेले मोठाले फुगे बघून माघारी फिरतात. वर्षभराने खरी विमानं आली तेव्हा ती काही फुगे बघून फिरली नाहीत. 1940 च्या सप्टेंबरपासून लंडनवर सलग 57 रात्री बॉम्ब पडत होते.

याच सिनेमात आपल्या मुंबईचा एक धागा आहे. वैमानिक अधिकाऱ्याची आदर्श इंग्लिश बायको झालीय मर्ल ओबेरॉन. शेवटी इंग्लंड कशासाठी लढतंय हे तीच सांगते. ही मर्ल 1911 साली मुंबईत जन्मलेली, मिश्र वंशाची मुलगी. पण तिचा जन्म ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातला, असं जगाला सांगितलं जायचं. 1979 साली ती गेली, तोपर्यंत हे गुपित तिने जपलं. म्हणजे सत्य आणि न्यायासाठी चाललेल्या युद्धाची गोष्ट सांगणाऱ्या बाईलाच स्वतःचं गाव सांगायची सोय नव्हती! तिला दोष द्यावासा वाटत नाही. तेव्हाच्या सिनेमाधंद्यात मुंबईची अँग्लो-इंडियन म्हणून तिला ती भूमिका कुणी दिली असती?

1942 चा 'द फर्स्ट ऑफ द फ्यू' हा त्याहून फार चांगला सिनेमा. स्पिटफायर विमानाचा रचनाकार आर. जे. मिचेल याची गोष्ट. लेस्ली हॉवर्डने दिग्दर्शनही केलं आणि मिचेलची भूमिकाही. सिनेमातला मिचेल देशासाठी रात्रंदिवस काम करून करून झिजून मरतो. खरा मिचेल 1937 साली कर्करोगाने गेला. आजारी असतानाही तो काम करत राहिला हे खरंच आहे. पण पडद्यावर कर्करोग गेला आणि हौतात्म्य आलं. शिवाय ब्रिटनच्या त्या हवाई लढाईत जर्मन विमानं पाडण्यात जास्त वाटा होता हरिकेन या साध्या, कमी देखण्या विमानाचा. नाव झालं स्पिटफायरचं.

आणि चर्चिलच्या भाषणातून आलेले ते 'मोजके' लोक म्हणजे तरी कोण? त्या लढाईत जवळपास 3000 वैमानिक आणि विमानातले इतर सैनिक उडाले, त्यातले 145 पोलंडचे. हरिकेन उडवणारी पोलिश 303 स्क्वाड्रन तर सर्वाधिक विमानं पाडणाऱ्या तुकड्यांत होती. 1940 च्या ऑक्टोबरात आपले 24 भारतीय वैमानिकही ब्रिटनला गेले. त्यातले महिंदरसिंग पुज्जी पगडी घालूनच हरिकेन उडवायचे. त्या काळच्या गाजलेल्या ब्रिटिश सिनेमांत पगडीवाला वैमानिक काही मला सापडला नाही.

आता समोरची बाजू. जर्मनीत कार्ल रिटर हा दिग्दर्शक स्वतः जुना वैमानिक. त्याचा 'श्टुकाज' 1941 च्या जूनमध्ये आला. त्यातला एक जखमी वैमानिक मनाने खचलेला असतो. औषधाने बरा होत नाही. मग त्याला बायरॉइटला वॅग्नरचं संगीत ऐकायला नेतात आणि गडी ठणठणीत होऊन पुन्हा लढायला निघतो! शेवटी सगळे गात गात इंग्लंडकडे झेपावतात. खरी मेख पुढेच आहे. सिनेमा लागला त्याच्या दहा महिने आधी, 1940 च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडवर गेलेल्या श्टुका विमानांची इतकी वाताहत झाली होती की त्यांना त्या लढाईतून मागे घ्यावं लागलं होतं. पडद्यावर मात्र ती अजून विजयाकडेच उडत होती.

जपानचं उदाहरण मला सगळ्यात जास्त लागलं. 1942 च्या डिसेंबरात पर्ल हार्बर हल्ल्याच्या पहिल्या वर्षदिनाच्या निमित्ताने तिथे भव्य सिनेमा काढला. विमानं, जहाजं, बंदर हे सगळं छोट्या प्रतिकृती बनवून चित्रित केलेलं. ते करणारा कारागीर एइजी त्सुबुराया, ज्याने पुढे 1954 साली गॉडझिला पडद्यावर उभा केला. ही दृश्यं इतकी हुबेहूब होती की युद्धानंतर अमेरिकन अधिकाऱ्यांना ती हल्ल्याची खरी फिल्म वाटली, असं सांगतात. हे वाचलं तेव्हा मला माझी क्लिप आठवली. साधनं बदलली, फसणारा डोळा तोच.

मग 1944 च्या मार्चमध्ये तिथे लेफ्टनंट कर्नल तातेओ काटो याच्यावर सिनेमा आला. हायाबुसा विमानांच्या तुकडीचा प्रमुख. 22 मे 1942 रोजी एका ब्रिटिश विमानाचा पाठलाग करताना तो बंगालच्या उपसागरावर मारला गेला, म्हणजे आपल्याच दारात. मरणोत्तर दोन हुद्द्यांची बढती आणि 'युद्धदेव' ही पदवी. सिनेमा जपानात त्या वर्षीचा सर्वाधिक चाललेल्यांपैकी ठरला. तोवर जपान युद्ध हरत चालला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कामिकाझे हल्ले सुरू झाले, विमानासकट शत्रूच्या जहाजावर आदळायचं. त्यात गेलेली कितीतरी पोरं विशीच्या आसपासची होती. सिनेमा बघून ती गेली असं मी म्हणत नाही, ते फार सोपं उत्तर झालं. पण मरणाला देवत्व द्यायची भाषा देशभर आधीच तयार होती आणि ती तयार करण्यात थिएटरचा हात होता.

अमेरिकेचा 'फ्लाइंग टायगर्स' 1942 चा, जॉन वेनचा. चीनसाठी लढणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवक वैमानिकांची गोष्ट. त्यांना पाडलेल्या प्रत्येक जपानी विमानामागे 500 डॉलर मिळायचे, हे सिनेमाही लपवत नाही. पैशासाठी उडणारा एक उर्मट वैमानिक शेवटी सुधारतो आणि इतरांसाठी जीव देतो. सिनेमात ही तुकडी पर्ल हार्बरच्या आधीच लढताना दिसते. प्रत्यक्षात तिची पहिली लढाई झाली 20 डिसेंबर 1941 ला, पर्ल हार्बरनंतर जवळपास दोन आठवड्यांनी. आम्ही आधीपासूनच न्यायाच्या बाजूने लढत होतो, असं चित्र उभं करायला तारीख मागे सरकवली.

आणि आपली माणसं कुठे होती? याच तुकडीचा एक भाग रंगूनच्या आकाशात लढत होता. 23 डिसेंबर 1941 ला रंगूनवर बॉम्ब पडले, हजाराहून जास्त माणसं मेली. तेव्हाच्या रंगूनमध्ये जवळपास निम्मी वस्ती भारतीयांची, गोदीतले हमाल, दुकानदार, कारकून. त्यानंतर लाखो भारतीय आसामच्या दिशेने निघाले, कित्येक पायी. हजारो वाटेतच गेले. वरच्या लढाईवर जॉन वेनचा सिनेमा निघाला. खालच्या त्या चालण्यावर हॉलिवूडने काढलेला सिनेमा मला माहीत नाही.

भारतात सरकारने काय केलं? 1940 साली मुंबईत फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड आलं. काही काळ त्याची धुरा व्ही. शांताराम यांच्याकडे होती. 1942 च्या धरपकडीनंतर ते बाहेर पडले. 1943 पासून प्रत्येक खेळाला 2000 फुटांपर्यंत सरकारमान्य फिल्म दाखवण्याची थिएटरांवर सक्तीच झाली. म्हणजे तिकीट काढायचं सिनेमाचं आणि आधी बघायचा युद्धाचा प्रचार. त्याच वर्षी बंगालात दुष्काळाने लाखो माणसं मरत होती.

कच्च्या फिल्मवर सरकारचं नियंत्रण असल्याने निर्मात्यांनाही युद्धाला पोषक विषय घ्यावे लागले. 1945 चा तमिळ 'बर्मा राणी' त्यातलाच, त्यात विमान पडून जपानव्याप्त ब्रह्मदेशात अडकलेले तीन भारतीय वैमानिक आहेत. शांताराम यांनी याच चौकटीत 1946 साली सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची गोष्ट केली. जपानविरोधी म्हणून सरकारला चालली, आणि काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पथकातला डॉक्टर म्हणून आपल्या लोकांनाही आपली वाटली. सरकारी साच्यात राहूनही स्वतःचं म्हणणं मांडता येतं, हे त्यांनी दाखवलं.

कुणी म्हणेल, हिटलरशी लढताना प्रचार केला तर बिघडलं काय? मान्य. सगळ्या बाजू सारख्या नव्हत्या. हल्लेखोर कोण होता हे स्पष्ट होतं. लढणाऱ्यांचं शौर्यही खोटं नव्हतं. माझा मुद्दा वेगळा आहे. या सिनेमांतली विमानं बहुतेक खरी, माणसं खरी, मरणही खरं. पण गोष्ट अर्धी. उरलेली अर्धी कापून टाकली की बघणाऱ्याला युद्ध स्वस्त वाटायला लागतं.

पूर्ण गोष्टीच्या जवळ जाणारा एक सिनेमा मला मिळाला. 1945 चा ब्रिटिश 'द वे टू द स्टार्स'. तोही प्रचाराच्या हेतूतून सुटलेला नाही, ब्रिटन-अमेरिका मैत्री त्यात ठासून भरलीय. पण हवाई तळाच्या या सिनेमात हवाई लढाई जवळजवळ दिसतच नाही. विमानं जातात, माणसं घड्याळ बघत बसतात. काही परततात, काही नाही. गावातल्या हॉटेलात वाट बघणारी एका वैमानिकाची बायको, हीच त्यातली मोठी भूमिका.

तो बघताना मला सारखे ते काका आठवत होते. माझ्या क्लिपमध्ये विमान होतं, क्षेपणास्त्र होतं, भडका होता. "पोराचा फोन लागत नाहीये रे" म्हणणारा बाप त्यात नव्हता.

म्हणून आता मी स्वतःला एक नियम घालून घेतलाय. विमानाचा, हल्ल्याचा कुठलाही व्हिडिओ आला की आधी तीन गोष्टी विचारायच्या. हे कुणी चित्रित केलं? कधी केलं? आणि यात जे दिसत नाहीये ते कोण? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत पुढे पाठवायचं नाही. तुम्हीही एवढं करा. आणि माझ्याकडून पुन्हा चूक झाली तर त्या रात्रीसारखाच फोन करून झापा, राग येणार नाही.

जाता जाता एक विनंती. तुमच्या घरी कुणी ऐंशी-नव्वदीच्या पुढचं असेल आणि लहानपणी थिएटरात किंवा तंबूत सिनेमाआधी लागणारे ते युद्धाचे वार्तापट त्यांनी पाहिले असतील, तर जरा विचारून बघा काय आठवतं ते. मला कळवा, मी घरी येऊन लिहून घेईन. या वेळी तपासून लिहीन.