घाट चढून आल्यावर

आमच्या लहानपणी मुंबईत कुणाचा खोकला लांबला, की वडीलधारी मंडळी म्हणत, "महिनाभर लोणावळ्याला जाऊन ये, हवापालट होईल." माझी आजी अशीच एकदा जाऊन आली. परतल्यावर तिची तक्रार एकच, तिथे डाळ लवकर शिजत नाही!

तिचे अगदीच चूक नव्हते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२२ मीटर उंच. हवेचा दाब मुंबईहून सातेक टक्के कमी, म्हणून पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. शरीराला मात्र हा फरक जाणवत नाही. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरनंतरचा. लेहला उतरलेला माणूस दोन दिवस पडून राहतो, लोणावळ्याला उतरलेला मुंबईकर थेट चिक्कीच्या दुकानात शिरतो.

मग घाट चढून आलेल्यांना जुळवून घ्यावे लागले ते कशाशी? पावसाशी, गारठ्याशी आणि साथींशी. ते भोगले मजुरांनी. बोरघाटातल्या रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. पंधरा-सोळा मैलांत १,८३१ फूट चढण आणि २५ बोगदे. १८६१ मध्ये तिथे सुमारे ४२ हजार माणसे राबत होती. दाटीवाटीच्या झोपड्या, पाणी मिळेल तसले. पटकी आली की माणसे पटापट जात. किती गेली? २५ हजारांच्या घरात, असा एक अंदाज आहे. अंदाजच, कारण मजुरांची नावे कोण लिहून ठेवणार!

साहेबांनाही आजार चुकला नाही. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून दगावला. पुढे त्याची बायको अॅलिस हिने कंत्राट हाती घेऊन काम तडीस नेले. ही बाई खरोखर धीराची.

खंडाळा ते पुणे गाडी १८५८ पासूनच धावत होती, पण घाटाचा टप्पा पालखीत, तट्टावर नाही तर पायी काढावा लागे. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातली वाट खुली झाली आणि मुंबईचा माणूस काही तासांत वर पोचू लागला. मग शेठ-सावकारांचे बंगले उठले, आजारी माणसे हवा खायला येऊ लागली.

आजीही त्याच घाटाने गेली. बोगदा आला, की डब्यातली सगळी पोरे एकदम ओरडायची, असे ती सांगे.