एपीएस: जंतूंशी लढणाऱ्या पेशी रक्ताची गुठळी कशी बनवतात?

तिशीतल्या माणसाला अचानक पक्षाघात होतो. कुणाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी सापडते. एखाद्या स्त्रीचा गर्भपात पुन्हा पुन्हा होतो. या तिन्हींमागे कधी कधी एकच आजार असतो: अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजेच एपीएस. लंडनचे डॉक्टर ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्याचे वर्णन केले.

नेमके काय बिघडते?
या आजारात रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच शरीरातील प्रथिनांविरुद्ध अँटीबॉडी तयार करते. पेशींच्या आवरणातील फॉस्फोलिपिडला चिकटणारे बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ हे त्यांचे मुख्य लक्ष्य असते.

न्यूट्रोफिलचे जाळे
न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंवर सर्वात आधी धावून जातात. त्या स्वतःचा डीएनए बाहेर फेकून जंतूंना जाळ्यात पकडतात, हे २००४ मध्ये समजले. या जाळ्यांना 'नेट्स' म्हणतात. एपीएसमध्ये जंतू नसतानाही अँटीबॉडी न्यूट्रोफिलना चिथावतात. मग रक्तवाहिनीत पसरलेल्या जाळ्यात प्लेटलेट आणि तांबड्या पेशी अडकतात आणि गुठळी तयार होते.

पेशीतला ब्रेक
न्यूट्रोफिलला आवर घालणारा संदेशही शरीरात असतो. अ‍ॅडेनोसिन हा रेणू पेशीवरील ए२ए रिसेप्टरला जोडला गेला की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी वाढते आणि न्यूट्रोफिल शांत होते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हाच ब्रेक वापरून पाहिला. डायपिरिडामोल या जुन्या औषधाने अ‍ॅडेनोसिनचा परिणाम वाढतो. ते दिल्यावर नेट्स कमी झाली आणि उंदरांमध्ये गुठळ्याही घटल्या. मात्र उंदरांवरील यश म्हणजे रुग्णांसाठी सिद्ध झालेला उपचार नव्हे.

आज उपचार काय?
गुठळी होऊन गेलेल्या रुग्णांना सहसा वॉरफेरिन दिले जाते आणि आयएनआर तपासून त्याचा डोस ठरवला जातो. गरोदरपणात हेपॅरिन आणि कमी डोसचे अ‍ॅस्पिरिन वापरतात. आयएनआरची कटकट नको म्हणून नव्या गोळ्या सोयीच्या वाटतात. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, तिन्ही अँटीबॉडी तपासण्या पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांना रिव्हरॉक्साबॅन घेताना वॉरफेरिनपेक्षा जास्त गुठळ्या झाल्या.

हे लक्षात ठेवा
- एकच रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे एपीएस झालाच असे नाही. किमान १२ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते.
- रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका किंवा बदलू नका.
- एका पायाला अचानक सूज, धाप लागणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाल्यास लगेच रुग्णालय गाठा.