थेंबांचा हिशेब

लंडनमधली १८०४ सालच्या शरद ऋतूतली रविवारची दुपार. बाहेर पाऊस. डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या ठणक्याने जवळजवळ वीस दिवस हैराण झालेला, ऑक्सफर्डला शिकणारा टॉमस डी क्विन्सी एका औषधाच्या दुकानात शिरला आणि अफूचा अर्क घेऊन बाहेर पडला. वय १९. डॉक्टरची चिठ्ठी तेव्हा लागत नसे. ठणका थांबला.

१८१३ पासून पोटदुखीसाठी तो रोज अर्क घेऊ लागला. पुढे दिवसाला ८००० थेंबांपर्यंत मजल गेली. १८२१ मध्ये ‘लंडन मॅगझिन’मधून त्याने आपली कहाणी जगाला सांगितली, बेडी जवळपास तुटली, असा तिचा सूर होता. १८२२ मध्ये पुस्तक निघाले, तेव्हा परिशिष्ट जोडून त्याने कबूल केले, की ती तुटलेली नाही.

मला ते परिशिष्टच अधिक मोलाचे वाटते. त्यात थेंबांचा रोजचा हिशेब आहे. आधी १३०, मग ८०, तिसऱ्या आठवड्यात एकदम ३००. पाचव्यात काही दिवस शून्य, आणि पुन्हा २००! झोप जेमतेम तीन तास, अंगाला घामाच्या धारा आणि एकेका वेळी दोन-दोन तास शिंका.

आपण याला ‘तलफ’ म्हणतो. तलफ म्हणजे मनाची ओढ. मन आवरले की ती संपावी. पण शिंका मनाला येत नाहीत. अफू मेंदूतली जागेपणाची यंत्रणा दाबून धरते, मेंदू त्या दाबाला सरावतो. दाब एकाएकी सुटला की यंत्रणा उसळते : जांभया, वाहते नाक, अंगावर काटा, जुलाब. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल या वेदनाशामकांचेही असेच. बहुधा दोन-तीन दिवसांत त्रास टोकाला जातो, मग हळूहळू ओसरतो. झोप मात्र उशिरा परतते.

म्हणून गोळ्या एकदम टाकू नयेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा पायरीपायरीने उतरवावी. काहींना बुप्रेनॉर्फिनसारख्या औषधाचा आधार देतात. आणि खंड पडल्यावर जुनीच मात्रा पुन्हा घेणे सर्वांत घातक. शरीराची सवय मोडलेली असते, श्वास थांबू शकतो.

डी क्विन्सी १८५९ मध्ये एडिंबरोत वारला. अफू कायमची सुटली नव्हतीच. हिशेब त्याने प्रामाणिकपणे ठेवला, पण एकट्याने. आपल्या घरात कुणी असा हिशेब ठेवत असेल, तर त्याला दुबळा म्हणू नये. त्याच्या उशाशी बसावे.