वस्तीतील संस्था गरीब कुटुंबांना कशी मदत करतात?

हातावर पोट असलेल्या घरात कमावता माणूस आजारी पडला, की आठवडाभरात धान्य, घरभाडे आणि औषध हे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहतात. अशा वेळी वस्तीत काम करणाऱ्या सामाजिक संस्था उपयोगी पडतात. आम्ही याच क्षेत्रात काम करतो. महाराष्ट्रात या संस्थांकडून कोणती मदत मिळू शकते, ते येथे देत आहोत.

धान्य : संस्था प्रथम तांदूळ, पीठ, डाळ, तेल यांचे किट देते. पण किट काही दिवसांत संपते. म्हणून किट देतानाच आम्ही रेशनकार्ड पाहतो. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार अंत्योदय कुटुंबाला दरमहा 35 किलो, तर प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. घरात पाच माणसे आणि कार्डावर नावे तीन असतील, तर दरमहा 10 किलो धान्य बुडते. सुनेचे किंवा लहान मुलांचे नाव राहून जाणे नेहमीचेच. गावचे कार्ड असले तरी शहरातल्या रेशन दुकानातून धान्य घेता येते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

निराधारांना अनुदान : विधवा, परित्यक्ता, दिव्यांग अशा 65 वर्षांखालील निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. 65 वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात होतो. कागदपत्रे गोळा करणे, बँक खाते आधारशी जोडणे, दरवर्षी हयातीचा दाखला देणे, यात कार्यकर्ते सोबत राहतात.

दवाखाना : धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातील समाजसेवकाला भेटावे. ही भेट बिल झाल्यावर नव्हे, दाखल होतानाच घ्यावी.

या सगळ्या गोष्टी हक्काच्या आहेत. पण कार्यालयाचा एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी. तीन हेलपाटे झाले की माणूस नाद सोडतो. तिथे सोबत जाणारा, अर्ज नीट लिहून देणारा आणि पोच मागणारा माणूस हवा असतो. आमच्या मते संस्थेचे खरे काम हेच. किटवाटपाचे फोटो निघतात, या कामाचे निघत नाहीत.

मदत घेताना एवढे सांभाळा : मूळ कागदपत्रे कोणाकडेही ठेवू नका, झेरॉक्स द्या. बँकेचा ओटीपी सांगू नका. प्रत्येक अर्जाची तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. योजना मिळवून देण्यासाठी कोणी टक्केवारी मागितली, तर तो दलाल समजा. आणि आपले काम झाले की शेजारच्या घरातले रेशनकार्डही एकदा पाहा. तिथेही एखादे नाव राहिलेले असेल.